पायांपासून सुरू होणारा आजार

१९३९ साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, सांतो अंतोनियो रुग्णालयात, कोरिनो दे आंद्रादे या तरुण न्यूरॉलॉजिस्टकडे पोवोआ दे वार्झिम या मच्छीमारांच्या गावची एक बाई आली. तिच्या पायांतली संवेदना हरवत चालली होती. गावाला हे दुखणं परिचयाचं होतं. ऐन तिशीत ते पाय धरायचं, माणूस खंगत जायचा आणि दहा-बारा वर्षांत दगावायचा. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र त्याला जागा नव्हती.

आंद्रादे स्ट्रासबर्गला बारे यांच्या हाताखाली शिकले होते. गियाँ-बारे सिंड्रोम या नावातले बारे ते हेच. मज्जातंतू तपासण्याची शिस्त तिथली. या रुग्णांना कापसाचा स्पर्श कळे. पण गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या पायाला लावल्या, तर फरक सांगता येत नसे. पाय भाजला तरी पत्ता लागत नसे.

याचं कारण तंतूंच्या जाडीत आहे. वेदना आणि तापमान वाहून नेणारे तंतू सर्वांत बारीक. या आजाराचा पहिला घाला त्यांच्यावर पडतो, आणि पायांकडे जाणाऱ्या नसा सर्वांत लांब म्हणून सुरुवात तिथे होते. आतडी, रक्तदाब सांभाळणारे तंतूही बारीकच. म्हणून जुलाब लागतात, उभं राहताना चक्कर येते.

आंद्रादे एका रुग्णावर थांबले नाहीत. घराणीच्या घराणी तपासली, नसांमध्ये साचलेलं अमायलॉइड, म्हणजे प्रथिनाचा साठा, दाखवलं आणि १९५२ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात सविस्तर निबंध प्रसिद्ध केला.

पुढचं संशोधन त्या निबंधाच्या पायावर उभं राहिलं. साचणारं प्रथिन ट्रान्सथायरेटिन निघालं. जनुकातल्या एका बदलामुळे ते अस्थिर होतं; आईवडिलांपैकी एकात हा बदल असला, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं, म्हणून १९९० मध्ये स्वीडनमध्ये यकृत प्रत्यारोपणाचा मार्ग निघाला. २०११ मध्ये प्रथिनाला स्थिर ठेवणाऱ्या टॅफॅमिडिस या औषधाला युरोपात मान्यता मिळाली. हे उपाय आजाराचा वेग रोखतात. मेलेली नस सहसा परत आणत नाहीत. म्हणून निदान लवकर व्हायला हवं.

आंद्रादे २००५ मध्ये, नव्वदी ओलांडून गेले. त्यांच्या हयातीत या आजारावर औषध आलं नाही. तरीही औषधाच्या इतिहासात पहिलं नाव त्यांचंच घ्यायला हवं. गावाने नशिबावर सोडलेलं दुखणं त्यांनी रुग्णाजवळ बसून, घराणं-घराणं विचारून, नोंदवून ठेवलं. आणि नोंदलेल्या रोगावरच उपाय शोधता येतो.