शाळेचे अंदाजपत्रक आणि घराची पट्टी : न्यू जर्सीचा हिशेब

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, विशेषतः एडिसन आणि आसपासच्या परिसरात, महाराष्ट्र व गुजरातमधून गेलेली अनेक कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तेथे घर घेतलेल्या मुलाचा एखादे वर्षी फोन येतो, "कर्जाचा व्याजदर स्थिर आहे, तरी मासिक हप्ता वाढला!" इकडे पेढीवर बसलेल्या वडिलांना हे कोडे वाटते. त्याचे उत्तर बहुधा कर्जाच्या करारात नसून गावच्या शाळेच्या अंदाजपत्रकात असते. अनेक कर्जांत बँक हप्त्याबरोबरच मालमत्ता कराची रक्कम एस्क्रो खात्यात जमा करून घेते. कर वाढला की हप्ताही वाढतो.

आपल्याकडे शाळा आणि घरपट्टी यांचा असा थेट संबंध जाणवत नाही. महाराष्ट्रात घरपट्टीच्या देयकात १९६२ च्या कायद्यानुसार शिक्षण उपकर असतो. परंतु तो ठरलेल्या दराने आकारला जाऊन राज्याकडे जातो. जिल्हा परिषद व अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतनही मुख्यतः राज्यच देते. गल्लीतील शाळेचा खर्च वाढला म्हणून त्या गल्लीची घरपट्टी वाढत नाही. न्यू जर्सीत नेमके तेच घडते.

आधी खर्च, मग दर

त्या राज्यात सुमारे ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचे शिक्षण मंडळ १ जुलै ते ३० जून या वर्षाचे अंदाजपत्रक करते. अंदाजित खर्चातून राज्याचे अनुदान व अन्य उत्पन्न वजा केले जाते, आणि उरलेली रक्कम स्थानिक मालमत्तांवर त्यांच्या मूल्यांकनाच्या प्रमाणात वाटली जाते. कराचा दर आधी ठरत नाही, तो या भागाकारातून निघतो. राज्यातील एकूण मालमत्ता करापैकी निम्म्याहून अधिक वाटा शाळांचा असतो. निवासी मालमत्तेवरील सरासरी वार्षिक कर २०२४ मध्ये प्रथमच १०,००० डॉलरच्या वर गेला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावाच्या शाळांचा खर्च १० कोटी डॉलर आहे, राज्याचे अनुदान ३ कोटी आणि करातून उभारायचे ७ कोटी. गावातील मालमत्तांचे एकूण मूल्यांकन ५०० कोटी असल्यास दर १.४ टक्के होतो, आणि ५ लाख डॉलरच्या घरास ७,००० डॉलर शाळाकर बसतो. पुढील वर्षी खर्च ५ टक्क्यांनी वाढून १० कोटी ५० लाख झाला आणि अनुदान मात्र ३ कोटीच राहिले, तर करातून साडेसात कोटी उभारावे लागतील. घराचा कर ७,५०० डॉलर होईल. खर्चातील वाढ ५ टक्के, करातील वाढ ७ टक्क्यांहून अधिक! अनुदान घटल्यास हा फरक आणखी रुंदावतो.

मर्यादा आणि तिच्या वाटा

यावर लगाम म्हणून २०१० साली संमत झालेल्या कायद्याने करवसुलीतील वार्षिक वाढ २ टक्क्यांवर मर्यादित केली. वरील गावास त्यामुळे ७ कोटी १४ लाखच वसूल करता येतील. उरलेल्या ३६ लाखांसाठी पदे कमी करावी लागतील किंवा मतदारांची संमती घ्यावी लागेल. मात्र विद्यार्थिसंख्येतील वाढ, आरोग्य विम्याचा वाढीव खर्च व कर्जफेड यांसाठी कायद्यात सवलती आहेत. शिक्षकांचे वेतन, विमा, विशेष शिक्षण आणि बसवाहतूक हे खर्च सहज आटोक्यात येत नाहीत. करोनाकाळातील संघराज्याची मदत २०२४ मध्ये संपली. २०१८ च्या अनुदानविषयक कायद्यामुळे काही डिस्ट्रिक्टचे अनुदान वर्षानुवर्षे कमी होत गेले. अशा काहींना २०२४ मध्ये २ टक्क्यांपलीकडे जाण्याची मुभाही मिळाली.

दुकानदार आणि निवृत्त

एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. फेरमूल्यांकनात घराची किंमत दुप्पट झाली म्हणून कर दुप्पट होत नाही. साऱ्या गावाच्या किमती दुप्पट झाल्या तर दर निम्मा होतो आणि कर तेवढाच राहतो. इतरांपेक्षा आपली मालमत्ता अधिक वाढली तरच आपला वाटा वाढतो. याउलट एखाद्या मोठ्या कार्यालयीन इमारतीचे मूल्यांकन घटले, तर तिचा भार इतरांवर सरकतो.

घर आणि दुकान यांना एकाच गावात एकच दर लागू असतो. वरील गावातील १२ लाख डॉलरच्या दुकानाचा शाळाकर १६,८०० वरून १८,००० डॉलर होईल. गाळा भाड्याचा असला तरी सुटका नाही. 'ट्रिपल नेट' प्रकारच्या भाडेकरारात मालमत्ता कर, विमा व देखभाल भाडेकरूनेच भरायची असते. करार करताना केवळ भाडे पाहणारा व्यापारी येथे फसतो.

सर्वाधिक ओझे निवृत्तांवर पडते. कर्ज फिटते, मुले शाळेतून बाहेर पडतात, पण कर थांबत नाही. ६५ वर्षांवरील, विहित उत्पन्नमर्यादेतील घरमालकांना 'सीनियर फ्रीझ' योजनेत वाढीव कराचा परतावा मिळतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. मूल्यांकन अवाजवी वाटल्यास अपील करता येते. बहुतेक काउंट्यांत त्याची मुदत सामान्यतः १ एप्रिल असते.

तरीही हा खर्च निव्वळ तोटा नव्हे. चांगल्या शाळेमुळेच त्या गावातील घराला ग्राहक मिळतो. म्हणून अंदाजपत्रकावर वसंत ऋतूत होणारी जाहीर सुनावणी महत्त्वाची आहे. तेथे सोप्या रूपातील अंदाजपत्रक प्रसिद्ध करणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक असते. व्यापाऱ्याच्या नजरेने त्यातील तीनच आकडे प्रथम पाहावेत : एकूण खर्च, राज्याचे अनुदान आणि करातून उभारायची रक्कम. देयक हाती आल्यावर तक्रार करण्यापेक्षा सुनावणीत विचारलेला एक नेमका प्रश्न अधिक उपयोगी पडतो.