पाणी पुढे जातं, धार राहते

नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, कालव्याच्या एकेका आवर्तनावरून भांडणं होतात. अशा ठिकाणी खळाळत्या पाण्यातल्या होड्यांच्या शर्यतींचं कौतुक कशाला करायचं? आज आपण हा प्रश्न गांभीर्याने घेऊ.

आधी खेळ समजून घेऊ. याचं नाव कॅनो स्लॅलम. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून बसतो आणि त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कॅनोमध्ये तो गुडघ्यांवर बसतो आणि पातं एकाच टोकाला असतं. वेगवान प्रवाहावर काठ्या टांगून १८ ते २५ गेट तयार केलेली असतात. हिरवी गेट प्रवाहाबरोबर आणि लाल गेट प्रवाहाविरुद्ध पार करायची. काठीला स्पर्श झाला तर २ सेकंदांचा दंड, गेट चुकलं तर ५० सेकंदांचा. सगळा खेळ दीड-दोन मिनिटांत आटोपतो! लाल गेटपाशी नुसतं बळ कामी येत नाही. खडकाआड पाणी उलटं फिरतं, ते ओळखून त्याच्याच आधाराने वर चढावं लागतं.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा १९७२ साली आला. म्युनिक ऑलिंपिकची ही शर्यत ऑग्सबर्गला झाली, तीही मुद्दाम बांधलेल्या कालव्यात. आपल्याला १९७२ म्हटलं की दुष्काळ आठवतो. एकाच वर्षी पाण्याचे असे दोन अर्थ होते.

आपल्याकडे या खेळाचं एक महत्त्वाचं ठिकाण म्हणजे महेश्वर. अहिल्यादेवींचा जन्म आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, आणि राजधानी महेश्वर. तिथून जवळच सहस्रधारा आहे. काळ्या खडकांतून नर्मदा असंख्य धारांत फुटते. २०२३च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धेतली कॅनो स्लॅलमची शर्यत याच धारांवर झाली.

आता आमच्या विषयाकडे वळू. बौद्धांचा क्षणिकवाद शिकवताना आम्ही नदीचा दाखला देत असू: नदी तीच म्हणतो खरी, पण पाणी क्षणाक्षणाला निराळं असतं. मग दहा मिनिटांच्या अंतराने उतरलेल्या दोन स्पर्धकांची तुलना न्याय्य कशी? पहिल्याने कापलेलं पाणी तर केव्हाच पुढे गेलेलं असतं! उत्तर असं, की उतार, खडक आणि विसर्ग कायम असले तर पाणी बदललं तरी प्रवाहाचा आकार टिकतो. शर्यत होते ती त्या आकारावर.

आणि इथेच सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे. ऊस पाणी पितो, खेळ पाणी पीत नाही. त्याला हवा असतो फक्त उतार आणि वेग. पॅरिस ऑलिंपिकच्या मैदानात तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवत होते. अर्थात त्याला वीज लागते, ते आपल्याला परवडणारं नाही. पण रायगडात कोलाडला पाहा. वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं, त्यावर सकाळी राफ्टिंग चालतं आणि पाणी पुढे जातं. तिथे खेळाचं वेळापत्रक पाण्याच्या मागे चालतं.

आपल्या प्रवरेचंही असंच आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून सुटलेलं पाणी नदीतूनच ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून कालव्यांत शिरतं. वाटेत त्यावर कुणी वल्हं मारलं, तर शेतकऱ्याचं थेंबभरही कमी होणार नाही. याचा अर्थ रंधा धबधब्यापाशी होडी घालावी असा कुणी घेऊ नये, तो जिवाशी खेळ होईल. जागा जाणकारांनी पाहावी. हेल्मेट, जीवरक्षक जॅकेट आणि बचावपथक असल्याशिवाय कुणी पाण्यात उतरू नये.

अट मात्र एकच. आवर्तनाची तारीख शेताच्या गरजेने ठरावी, खेळाच्या सोयीने नव्हे. क्रम उलटला की भांडण न्याय्यच ठरेल. तो पाळला, तर अकोल्याच्या आदिवासी मुलांना ही नदी नुसती पाहण्यापुरती उरणार नाही. धरण त्यांच्या उशाशी आहे, आणि पाणी खाली जातं. जाता जाता त्याने त्यांनाही काही द्यावं, एवढंच आमचं म्हणणं.