रिकिबीची शस्त्रक्रिया आणि बहिरेपणाचे दोन प्रकार

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून कोल्हापूर जिल्ह्याच्या या भागात मागांचा खडखडाट अनेक कुटुंबांच्या नित्य जीवनाचा भाग होऊन बसला आहे. धोट्याच्या मागांच्या कारखान्यात आवाजाची पातळी ९० डेसिबेलांच्या वर जाते. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेल्या मनुष्यास ऐकू कमी येऊ लागले, म्हणजे दोष गोंगाटाचा, असे सर्वजण गृहीत धरतात. बहुधा ते खरेही असते. परंतु काही थोड्या कामगारांचा बहिरेपणा अगदी निराळ्या जातीचा असतो, आणि तो शस्त्रक्रियेने दूर करता येतो. या दोहोंची गल्लत झाल्यास बरा होणारा रोगी बहिराच राहतो. म्हणून हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

कर्णपटलाच्या आत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. घोडेस्वाराच्या रिकिबीसारखे दिसणारे तिसरे हाड शरीरातील सर्वांत लहान हाड होय. त्याची उंची ३ मिलिमीटरांहून किंचित अधिक व वजन सुमारे ३ मिलिग्रॅम असते. त्याचा तळ अंतःकर्णाच्या अंडाकृती खिडकीत बसविलेला असून त्याच्या पलीकडे द्रव असतो. हवेतील ध्वनी द्रवावर सरळ आदळला, तर त्याची जवळजवळ सर्व ऊर्जा परावर्तित होईल. ही अडचण निसर्गाने यांत्रिक युक्तीने सोडविली आहे. कर्णपटलाचे कार्यकारी क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट आहे, आणि हाडांच्या तरफेमुळे बल सुमारे १.३ पट होते. परिणामी खिडकीवरील दाब २० पटींहून अधिक वाढतो.

ओटोस्क्लेरोसिस या रोगात अंतःकर्णाच्या भोवतालच्या हाडात विकृत वाढ होऊन रिकिबीचा तळ खिडकीत जखडून जातो. मज्जातंतू शाबूत असतात, परंतु ध्वनी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हा रोग पुष्कळदा आनुवंशिक असतो, बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात जाणवू लागतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो. आपल्याकडे अशा स्त्रीच्या बहिरेपणाचा दोष बाळंतपणात कानाला लागलेल्या वाऱ्यावर टाकून तिला कानात कापूस घालावयास सांगतात. कापसाने ही हाडे सुटत नाहीत, हे सांगावयास नकोच.

या रोगाचे एक लक्षण मोठे विलक्षण आहे. गोंगाटात अशा रोग्यास बोलणे अधिक चांगले ऐकू येते. इंग्लंडमधील टॉमस विलिस या वैद्याने १६७२ साली एका स्त्रीची हकीकत दिली आहे. ढोल वाजत असतानाच तिला ऐकू येई, म्हणून नवऱ्याने ढोल वाजविणारा नोकरच ठेवला होता! यात चमत्कार काही नाही. गोंगाटात बोलणारा आवाज चढवितो, आणि गोंगाट मात्र रोग्याच्या कानात क्षीण होऊनच पोहोचतो. याउलट गोंगाटाने ज्याचे मज्जातंतू व अंतःकर्णातील सूक्ष्म पेशी झिजल्या आहेत, त्यास गर्दीत शब्दच कळेनासे होतात. एकाच कारखान्यातील दोन बहिऱ्यांत असा विरोध दिसला, तर परीक्षा केलीच पाहिजे. साधा नादकाटाही पुष्कळ सांगतो: तो कानासमोर धरण्यापेक्षा कानामागील हाडावर टेकविल्यास अधिक ऐकू येत असेल, तर दोष वहनात आहे. पुढे श्रवणमापकाने खात्री करून घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेचा इतिहास वळणावळणाचा आहे. योहान केसेल याने १८७० नंतरच्या दशकात रिकीब मोकळी करण्याचे प्रयोग केले. परंतु जंतुसंसर्गाच्या भयाने १९०० सालच्या पॅरिस येथील वैद्यकीय परिषदेत अशा शस्त्रक्रियांचा निषेध झाला आणि अर्धशतक हा मार्ग बंद राहिला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल रोझेन यांच्या हातून, रिकीब जखडली आहे की नाही हे पाहत असताना, ती हलली आणि रोग्यास तत्काळ ऐकू येऊ लागले. मात्र मोकळी केलेली रिकीब पुष्कळदा पुन्हा जखडे. १९५६ साली अमेरिकेतील जॉन शे यांनी ती काढून टाकून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसविली. आज बहुधा तळ पूर्ण काढीत नाहीत. कर्णपटल उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली तळात मिलिमीटरहून लहान छिद्र पाडतात आणि ऐरणीला अडकविलेला दट्ट्या त्यात सोडतात.

अनुभवी हातांत दहापैकी सुमारे नऊ रोग्यांस उत्तम गुण येतो. तथापि शेकडा एखाद्याचा तो कान कायमचा जाऊ शकतो. म्हणून प्रथम अधिक बहिऱ्या कानावरच शस्त्रक्रिया करतात. ज्यास हा धोका नको असेल, त्यास श्रवणयंत्र चांगले उपयोगी पडते. दोन्ही दोष एकत्र असल्यास शस्त्रक्रियेने वहनाचा दोष तेवढा निघतो. झिजलेल्या पेशी परत येत नाहीत.

मागावर परत जाणाऱ्या कामगारास एक गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितली पाहिजे. जखडलेली रिकीब त्याच्या अंतःकर्णाला गोंगाटापासून काही अंशी आडोसा देत होती. तो आडोसा आता गेला. शिवाय मोठ्या आवाजात रिकीब आवरून धरणाऱ्या स्नायूचा कंडराही शस्त्रक्रियेत बहुधा कापला जातो. तेव्हा त्या दिवसापासून कारखान्यात कानांवर संरक्षक आवरण घालणे त्यास शेजारच्या कामगाराहूनही अधिक आवश्यक होते.