बोटांना सोसेल अशी गिटार

हेवी मेटल वाजवून आमच्या चिरंजीवांचे मनगट दुखू लागले. तारा जाड, आणि पट्टा इतका सैल की गिटार गुडघ्यापाशी लोंबते. (अशीच फॅशन आहे म्हणे!) दुकानदाराने ८०० पौंडांची नवी गिटार सुचवली.

मला आठवला आपल्या बर्मिंगहॅमचाच टोनी आयोमी. १९६५ साली, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हाच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बँजोच्या बारीक तारा लावल्या, पुढे त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. ताण कमी, की बोटाला जोरही कमी. ब्लॅक सॅबथचा तो जड, खर्जातला आवाज या उतरवलेल्या तारांचाच. ५ जुलै २०२५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, व्हिला पार्कवरच्या अखेरच्या कार्यक्रमातही तो वाजवत होता.

नवी गिटार घ्यायचीच तर तारेची लांबी पाहा. साडेपंचवीस इंचांऐवजी पावणेपंचवीस असेल, तर त्याच तारेवर तोच सूर कमी ताणात मिळतो.

आम्ही फक्त बारीक तारा घेतल्या आणि मनगट सरळ राहील इतका पट्टा आखडला. खर्च दहा पौंडांच्या आत. बोटांना मुंग्या आल्या तर मात्र थेट डॉक्टरकडे जायचे, असे ठरले आहे. अजून वेळ आलेली नाही. चिरंजीवांची तक्रार एकच, गिटार छातीशी आल्यावर रुबाब गेला.