खंडेनवमीची फटफटी

नवरात्राची नववी माळ चढली की रानशेतच्या आमच्या घरी पडवीतील जुने गोणपाट दूर होते आणि त्याखालची फटफटी उजेडात येते. खंडेनवमीस कोयते, विळे, कुदळी घासूनपुसून देवापुढे मांडण्याची चाल घरोघर आहे. त्या आयुधांच्या पंगतीत आमच्याकडे चाळीसहून अधिक वर्षे एक येझदीही उभी असते. आमच्या तीर्थरूपांनी ती 1981 साली घेतली.

दसऱ्याचा थाट जिथला जगभर वाखाणला जातो त्या म्हैसुरातच ही गाडी जन्मली, हा योगही गमतीचा. तेथील आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने मोटारसायकली बाहेर पडू लागल्या आणि 1973 पासून त्याच कुळातील गाड्यांना येझदी हे नाव मिळाले. कारखान्याचे मालक इराणी. नाव घेतले ते इराणातील यझ्द शहरावरून. डहाणू-घोलवडकडील चिकूच्या वाड्या ज्यांनी उभ्या केल्या, त्या इराणी बागायतदारांपैकी कित्येकांचे पूर्वज त्याच मुलखातले. तेव्हा ही फटफटी आमच्या तालुक्यात परकी कधी वाटली नाही.

यंत्र म्हणून पाहिले तर इतके साधे यंत्र विरळा. पिस्टन, म्हणजे आपला दट्ट्या, वर चढताना माथ्यावर हवा व पेट्रोलचे मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खाली क्रँकच्या पेटीत ताजे मिश्रण ओढून घेतो. माथ्याशी ठिणगी पडते, स्फोट होतो, दट्ट्या खाली रेटला जातो. उतरता उतरता तो सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो. एकीतून जळका धूर बाहेर पडतो. दुसरीतून क्रँकपेटीत दाबले गेलेले ताजे मिश्रण वर शिरते व उरलासुरला धूर पुढे ढकलते. एक चढ, एक उतार, एवढ्यात सारा संसार! चार स्ट्रोकच्या यंत्रात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, येथे दर फेरीस. व्हॉल्व्ह नाहीत, ते हलविणारा कॅम नाही. येझदीत तर किकचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो. सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन.

पण क्रँकपेटीतूनच मिश्रण जात असल्याने तेथे वंगणाचे तेल साठवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच कालवावे लागते, लिटरमागे साधारण तीस-चाळीस मिलिलिटर. हे माप चुकले की काय होते, ते आम्ही भोगले आहे.

चैत्रातली गोष्ट. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा होती. पेट्रोल भरण्याचे काम आमच्याकडे होते आणि यात्रेच्या उत्साहात तेल घालायचे राहिले. तीर्थरूप चालवीत होते, मागे मातोश्री ओटीचे सामान मांडीवर घेऊन बसल्या होत्या. महामार्गावर ऐन वेगात पिस्टन सिलिंडरला चिकटला आणि मागचे चाक जागीच थांबले. तीर्थरूपांनी त्या क्षणी क्लच दाबला म्हणून चाक सुटले व गाडी कडेला लागली. मागून मालमोटार भोंगा वाजवीत निघून गेली. मातोश्रींनी नारळ घट्ट धरून ठेवला होता. तीर्थरूप आम्हांला एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षीच्या खंडेनवमीस मात्र त्यांनी तेलाचे छोटे ॲल्युमिनियमचे माप घासून लखलखीत केले आणि कोयत्याशेजारी ठेवून त्यास हळदकुंकू वाहिले. तेव्हापासून ते माप पूजेत असते.

पूर्वी नवमीच्या आदल्या दिवशी सायलेन्सर उतरवून त्यातील काजळी खरवडण्याचा सोहळा असे. तेल जळते, धूर निघतो, काजळी साचते. शिवाय उघड्या खिडकीतून थोडे ताजे मिश्रण न जळताच निसटते. या गाड्यांच्या निळ्या धुराचे व भुकेचे हेच कारण. म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स हंड्रेडही थांबली. 2000 साली धुराचे नियम कडक झाले. येझदी हे नाव 2022 साली बाजारात परतले, पण चार स्ट्रोकचे यंत्र घेऊन. आमच्या डहाणू तालुक्यास तर 1991 सालीच केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरविले आहे. अशा भूमीत आम्ही रोज हा धूर सोडावा, हे आम्हांस पटत नाही. भंगारवाल्याच्या हाती गाडी द्यावी, हेही मन घेत नाही. तोड निघाली ती अशी, की वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सकाळी, झेंडूची माळ घालून ती देवीपर्यंत जाते आणि परत येते. कागदपत्रांचे सोपस्कार त्या एका दिवसासाठी आम्ही वेळेवर करतो. ते महाग पडतात, असो.

तीर्थरूपांचे वय आता ऐंशीच्या पुढे. किक मारण्याचे बळ पायांत नाही, कान मात्र शाबूत. गेल्या दसऱ्यास आमच्या कन्येने तिसऱ्या किकेला गाडी चालू केली. अंगणात तो ओळखीचा, मधूनच ठोका चुकणारा आवाज उठला. तीर्थरूप खुर्चीतून पुढे झुकले, क्षणभर ऐकत राहिले आणि तिला म्हणाले, “माप टाकलंस ना गं?”

“दोनदा पाहिलं, आजोबा,” ती म्हणाली आणि पायाने दांडा पुढे वळवला.