अ‍ॅटेन्युएटरवर ‘३० डीबी’ लिहिलंय, पण तो खरंच ३० आहे का?

बेंगळुरू असो, इंदूर असो की बडोदा, आपली मराठी हॅम मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर सेटची पॉवर मोजली, तर तो आकडा खरा धरायचा का?" आज त्याचं उत्तर बघू. व्हिडिओत जे पडद्यावर दाखवलं होतं, ते इथे आकड्यांत देतो. पण आधी माझीच एक चूक सांगतो.

माझ्या ओळखीच्या एका हॅमने त्यांचा ५ वॅटचा हँडी तपासायला आणला होता. मी मध्ये ३० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावला आणि १४५ मेगाहर्ट्झवर मोजलं. पडद्यावर +५.९ डीबीएम दिसलं. त्यात ३० मिळवले की ३५.९ डीबीएम, म्हणजे ३.९ वॅट. मी बेधडक सांगून टाकलं, "तुमचं पॉवर मॉड्यूल थकलंय."

त्यांनी बिचाऱ्यांनी नवीन मॉड्यूल मागवलं, बसवून घेतलं आणि सेट पुन्हा माझ्याकडे आणला. मोजलं, तर पुन्हा तेच, ३.९ च्या आसपास! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सेट आधीही ठणठणीत होता. अ‍ॅटेन्युएटर मोजून पाहिला, तर तो ३१.१ डीबीचा निघाला. ५.९ आणि ३१.१ मिळून ३७ डीबीएम, म्हणजे बरोबर ५ वॅट.

१.१ डीबी ऐकायला किरकोळ वाटतं. पण डीबी हे गुणोत्तर आहे. १ डीबीने कमी म्हणजे साधारण २० टक्के कमी, आणि १.१ डीबीने २२ टक्के. एवढ्या फरकावर मी एक चांगला सेट नापास केला होता.

मुळात अ‍ॅटेन्युएटर लावायचाच कशाला?

टेबलावरच्या बऱ्याच अ‍ॅनालायझरची सहनशक्ती +३० डीबीएम, म्हणजे १ वॅट असते. खिशात मावणाऱ्या छोट्या उपकरणांची त्याहून पुष्कळ कमी. इनपुट कनेक्टरजवळ हा आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा. ५ वॅट म्हणजे +३७ डीबीएम. सेट थेट जोडून बटण दाबलंत, तर इनपुट जळालंच म्हणून समजा.

मध्ये ३० डीबी लावले की ३७ वजा ३०, म्हणजे +७ डीबीएम उरतात. वॅटमध्ये सांगायचं तर ५ वॅटपैकी जेमतेम ५ मिलिवॅट पुढे जातात. बाकीची सगळी पॉवर अ‍ॅटेन्युएटरच्या आत उष्णता होऊन जिरते. म्हणून त्याच्यावरचे डीबी बघता, तसे वॅटही बघा. ५ वॅटच्या सेटला २ वॅटचा अ‍ॅटेन्युएटर चालणार नाही. आणि मोठ्या पॉवरच्या अ‍ॅटेन्युएटरला इनपुटची बाजू ठरलेली असते, ती उलटी लावू नका.

माझा अ‍ॅटेन्युएटर १० वॅटचा होता. काही वर्षांपूर्वी मी त्याच्यावर २५ वॅटचा मोबाइल सेट बराच वेळ चालवला होता. धूर आला नाही, वास आला नाही, म्हणून मी निर्धास्त राहिलो. पण आतले रेझिस्टर तापून त्यांची किंमत सरकली असणार. वरचं लेबल मात्र तसंच चकचकीत!

आतला वेगळा, बाहेरचा वेगळा

इथे नव्या मंडळींचा गोंधळ होतो. अ‍ॅनालायझरच्या आतही एक अ‍ॅटेन्युएटर असतो. तो १० वरून २० डीबी करून बघा. सिग्नलचं टोक जागच्या जागी राहतं आणि खालचा नॉइज १० डीबी वर येतो. कारण आतल्या अ‍ॅटेन्युएटरचा हिशेब उपकरण स्वतः करतं. बाहेर तुम्ही काय लावलंय, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते आपणच सांगायचं, आणि सांगायचं तर मोजून सांगायचं.

मोजायचं कसं

अ‍ॅनालायझरला ट्रॅकिंग जनरेटर असेल तर काम सोपं. अ‍ॅनालायझर ज्या फ्रीक्वेन्सीवर ऐकत असतो, नेमकी तीच फ्रीक्वेन्सी हा जनरेटर बाहेर सोडतो.

१. उपकरण चालू करून अर्धा तास गरम होऊ द्या.

२. जनरेटरच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत दोन केबल लावा आणि मध्ये एका अ‍ॅडॉप्टरने जोडा. त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना ६ किंवा १० डीबीचे छोटे पॅड असतील तर उत्तम, रेषेवरच्या लाटा कमी होतात.

३. नॉर्मलाइज करा. पडद्यावर ० डीबीची सरळ रेषा दिसेल.

४. आता कोणत्याही सेटिंगला हात लावू नका. आतला अ‍ॅटेन्युएटर बदलला, तर त्याची स्वतःची थोडी चूक तुमच्या मापात मिसळेल.

५. मधला अ‍ॅडॉप्टर काढून तिथे अ‍ॅटेन्युएटर बसवा. रेषा जितकी खाली गेली, तितका त्याचा खरा आकडा.

ट्रॅकिंग जनरेटर नसेल तर साधा सिग्नल जनरेटर घ्या. १४५ मेगाहर्ट्झवर ० डीबीएम सोडा. अ‍ॅटेन्युएटरशिवाय एकदा वाचा, लावून एकदा वाचा आणि वजाबाकी करा. दोन्ही मापं एकाच उपकरणाची असल्यामुळे त्याची स्वतःची कायमची चूक वजाबाकीत निघून जाते.

शेवटी अ‍ॅटेन्युएटरमधून ५ वॅट एक मिनिट जाऊ द्या आणि गरम असतानाच पुन्हा मोजा. थंड आणि गरम आकड्यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला, तर तो अ‍ॅटेन्युएटर बाजूला ठेवलेला बरा.

आकडा उपकरणाला सांगायचा कसा

मेनूमध्ये ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ असतं. तिथे ३१.१ भरा, म्हणजे पडद्यावर थेट सेटची पॉवर दिसेल. काही उपकरणं मात्र ‘एक्स्टर्नल गेन’ विचारतात. तिथे उणे ३१.१ भरायचं. चिन्ह चुकलं की उत्तर ६२ डीबीने चुकतं, त्यामुळे भरून झाल्यावर ओळखीचा एखादा सिग्नल जोडून खात्री करा.

हार्मोनिक बघताना दुहेरी काळजी

हा ऑफसेट सगळ्या फ्रीक्वेन्सींना एकच लागतो. अ‍ॅटेन्युएटर मात्र सगळीकडे सारखा नसतो. माझा १४५ वर ३१.१, २९० वर ३१.३ आणि ४३५ मेगाहर्ट्झवर ३१.८ डीबी आहे. १४५ च्या सेटचे दुसरे-तिसरे हार्मोनिक नेमके २९० आणि ४३५ वर पडतात, तेव्हा तिथली दुरुस्ती तिथल्याच आकड्याने करायची. काही अ‍ॅनालायझरमध्ये असा तक्ता भरायची सोय असते, मधल्या फ्रीक्वेन्सींचा हिशेब ते स्वतः लावतात.

दुसरी काळजी अशी, की पडद्यावर दिसणारं हार्मोनिक सेटचंच असेल असं नाही. +७ डीबीएम इनपुटला आहेत आणि आतला अ‍ॅटेन्युएटर १० वर आहे, तर आतल्या मिक्सरवर उणे ३ डीबीएम जातात. एवढ्या जोरात मिक्सर स्वतःच हार्मोनिक तयार करतो. आतला अ‍ॅटेन्युएटर ३० वर ठेवा. मग तो आणखी १० डीबीने वाढवा. हार्मोनिकची उंची तीच राहिली तर ते सेटचं. खाली आलं तर ते अ‍ॅनालायझरचं, सेटला बोल लावू नका.

त्या मॉड्यूलचे पैसे मी त्या गृहस्थांना दिले. ते नको नको म्हणत होते, पण चूक माझी होती. आता माझ्या प्रत्येक अ‍ॅटेन्युएटरला पांढरी टेप चिकटवलेली असते. तिच्यावर तीन फ्रीक्वेन्सी, तीन आकडे आणि मोजल्याची तारीख. तुम्हीही आपल्याकडचा अ‍ॅटेन्युएटर आज मोजा, आणि मगच कुणाच्या सेटवर शेरा मारा.

पुढच्या भागात डमी लोडकडे वळू. तोवर, नमस्कार!