चिऊच्या दारावरची टकटक

तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या वेळापत्रकात दात घासणं असतं, बटण लावणं असतं, नाणी ओळखणं असतं. साहित्य बहुधा नसतं. गोष्ट आलीच तर तिची परीक्षा होते: कावळा कोणत्या रंगाचा, घरं किती? मला हा अन्याय वाटतो. शब्द कळण्याआधीही गोष्ट पोचू शकते, आणि त्यामागे मेंदूचं शास्त्र आहे.

रायपूरच्या मराठी घरांतही नातवंडांना सांगितली जाणारी चिऊ-काऊची गोष्टच घ्या. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, दारावरची टकटक, बाळाची अंघोळ, पावडर, तीट. प्रत्येक प्रसंग हाताला, नाकाला, कानाला देता येतो. मलमलीत बांधलेला वाळक्या गोवरीचा तुकडा, मेणाची गुळगुळीत वडी, तळहातावर पाण्याचा शिडकावा, लाकडी फळी.

यातला वास वेगळ्या वाटेनं जातो. बहुतेक संवेदना थॅलॅमस या टप्प्यावरून मेंदूच्या बाह्यकात जातात. गंधाचा संदेश मात्र त्याला वळसा घालून घ्राणकंदातून भावना आणि स्मृतीशी निगडित भागांत पोचतो. स्पर्शाचंही एक वैशिष्ट्य आहे. हाताच्या केसाळ त्वचेतले काही मज्जातंतू सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर वेगानं फिरणाऱ्या हळुवार स्पर्शालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. बाळाची पावडर मुलाच्या हातावर सावकाश फिरवायची ती यासाठी.

टकटक करताना मुलाचा तळवा फळीवर टेकलेला हवा. बॅरी स्टाइन आणि अ‍ॅलेक्स मेरेडिथ यांनी १९८०च्या दशकात मांजरांच्या मेंदूत पाहिलं, की एकाच जागेहून, एकाच वेळी आलेल्या दोन संवेदनांना काही पेशी जास्त जोरानं प्रतिसाद देतात. आणि संवेदना मुळात क्षीण असतील तर ही वाढ प्रमाणात अधिक असते. मांजराच्या पेशींवरून थेट वर्गावर उडी मारता येत नाही. तरी आवाज आणि थरथर एकत्र द्यावी, एवढी दिशा त्यातून मिळते.

वस्तूंचा ढीग मात्र नको. एका प्रसंगाला एकच वस्तू, दरवेळी तीच, त्याच क्रमानं, त्याच मोजक्या शब्दांत. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना ऐकलेले शब्द क्षणभर धरून ठेवणं पाहिलेल्या गोष्टीपेक्षा अवघड जातं. हातातली वस्तू तेवढा वेळ टिकते. मग थांबायचं. प्रतिसाद यायला वेळ लागतो, आणि आपणच घाईनं पुढचं वाक्य बोलून तो बुडवतो. मुलाचा हात धरून वस्तूवर दाबायचा नाही. आपला हात खाली ठेवायचा, त्याचा वर, म्हणजे त्याला मागे घेता येतो.

बोलता न येणाऱ्या मुलासाठी एक वाक्य रेकॉर्ड करता येणारं मोठं बटण मिळतं. टकटक करणाऱ्या कावळ्याला चिऊ म्हणते ते ‘थांब’ त्यात भरून ठेवावं, आणि कावळा आपण व्हावं. ज्याचं खाणं, कपडे, झोपणं सगळं दुसरेच ठरवतात, त्याला इथे मोठ्या माणसाला दाराबाहेर ताटकळत ठेवता येतं. या गोष्टीतली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी जागा हीच.

पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला चिऊ-काऊवरच ठेवणं त्याच्या वयाचा अपमान आहे. इंग्लंडमध्ये निकोला ग्रोव्ह आणि कीथ पार्क यांनी होमरचं महाकाव्य अशा विद्यार्थ्यांसाठी खेळांच्या रूपात उभं केलं. त्यांचं ‘ओडिसी नाऊ’ हे पुस्तक १९९६ साली आलं. रायपूरला तर इतकं लांब जायलाच नको. महाभारतातल्या कथा गाऊन सांगणाऱ्या छत्तीसगडच्या पंडवानीत गायिका तीजनबाईंच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचं धनुष्य. शेजारी बसलेला रागी, म्हणजे साथीदार, हुंकार देत कथा पुढे नेतो. ती रागीची जागा विद्यार्थ्याला द्यावी: डोकं हलवून, टाळी वाजवून किंवा बटण दाबून त्यानं हुंकार द्यावा, आणि तो आल्याशिवाय भीमानं गदा उचलू नये.